ठिपका वर

चिरंजीव पोरा, अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज पडलेला वाटला. २२ हजार किलोमीटर चाललेली गाडी हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल खाते, निळा धूर मारते, आणि इंजिन तर कंपनीतनं आल्यापासून कुणी उघडलेलं नाही. कंपनीचं काम असं कसं असेल, हे तुला पटेना. पटवून घे. तिथंही बसवणारे हातच असतात आणि ते चुकतात.

पिस्टनवरच्या रिंगांची तोंडं, म्हणजे त्यांच्या टोकांमधल्या फटी, एका रेषेत सापडली, म्हणजे चूक तिथंच, असं तू म्हणालास. एवढ्यावर निकाल देऊ नकोस. इंजिन चालताना रिंगा खाचेत हळूहळू फिरत राहतात, त्यामुळं उघडल्यावर तोंडं कुठंही सापडतात. बघायचा तो ठिपका. दुसऱ्या रिंगेवर बारीक ठिपका किंवा अक्षर असतं, ते पिस्टनच्या माथ्याकडं हवं. या रिंगेचा चेहरा किंचित तिरका असतो. पिस्टन खाली येताना तिनं भिंतीवरचं ऑइल खरवडून खाली न्यायचं. उलटी बसली की तीच कड वर जाताना ऑइल वर ढकलते. मग बोअरमधल्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवरच्या, होनिंगच्या बारीक रेघा शाबूत असूनही गाडी धूर मारते. चारही पिस्टन बघ. आणि रिंग उतरवायच्या आधी फोटो काढ, वहीत लिही. एकदा सगळं डिझेलच्या ट्रेमध्ये गेलं की इंजिनानं सांगितलेलं सगळं धुऊन जातं.

मग चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची परात, उतरव आणि ऑइल पंपाची जाळी हातात घे. सांधा बंद करायला लावतात ते सिलिकॉन जास्त लावलं की जितकं बाहेर येतं तितकंच आतही जातं. बाहेरचं पुसता येतं, आतलं सुटून जाळीवर बसतं. एका जवळपास नव्या गाडीच्या जाळीवरून मी शेवयांसारखे तुकडे चिमट्यानं काढलेत. बेअरिंग शेल तांबं दिसेपर्यंत घासले होते. मालक वेळच्या वेळी ऑइल बदलत होता, पावत्या जपून ठेवल्या होत्या, तरी ऑइलच वाईट म्हणून त्याला वॉरंटी नाकारली. त्याचा चेहरा आठवला की मला अजून राग येतो. तुझ्याकडच्या गाडीच्या मालकाला जाळीचाही फोटो दे.

कॉनरॉडच्या, म्हणजे पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याच्या, कॅपवर मार्करनं नंबर टाक, पंच मारू नकोस. आता बऱ्याच रॉडांच्या कॅप कापलेल्या नसतात, तडकवून वेगळ्या केलेल्या असतात. त्या खडबडीत कडा फक्त आपल्याच जोडीला बसतात. मी उमेदवारीत दोन कॅपची अदलाबदल केली होती. क्रँक जाम झाला आणि माझ्या वस्तादांनी रात्रभर माझ्याबरोबर बसून तो पुन्हा उतरवला. ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं.

बेअरिंगची फट प्लास्टिगेजनंच माप, म्हणजे दाबून किती चपटी झाली त्यावरून फट सांगणाऱ्या त्या मऊ पट्टीनं. जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, कोरडं ठेव आणि पट्टी आत असताना क्रँक हलवू नकोस. छोट्या पेट्रोल इंजिनांत ही फट साधारण ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर असते, पण मॅन्युअलमध्ये तुझ्या इंजिनाचा जो आकडा असेल तोच धर. माणसाचा केस याहून जाड असतो, तिथं हाताचा अंदाज काय चालणार?

हेड बसवण्याआधी बोल्टांच्या बंद भोकांत हवा मार. तळाशी ऑइल साचलं असेल तर बोल्ट पिळताना ब्लॉक तडकतो. बोल्ट मधून बाहेरच्या क्रमानं, टप्प्याटप्प्यानं. डिग्रीवर, म्हणजे ठरावीक कोन मोजून, पिळायचे बोल्ट ताणले जातात, ते नवीनच घे. मालक पैशावरून कुरकुरला तर माझं नाव सांग.

क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांचं टायमिंग लावल्यावर सेल्फला हात लावू नकोस. पान्यानं क्रँकचे दोन पूर्ण फेरे दे, म्हणजे कॅमचा एक होतो. कुठं अडलं तर जोर न लावता तिथंच थांब. मग प्लग काढून, पेट्रोल बंद ठेवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडं थोडं फिरव.

आणि पहिल्यांदा सुरू करशील तेव्हा मला फोन लाव. काही बोलू नकोस, नुसता फोन इंजिनाजवळ धर.

तुझा,
वस्ताद