अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश पार जाऊ देणाऱ्या जर्मेनियम-सेलेनियम काचेत बिस्मथ हा धातू मिसळल्यावर ट्रान्समिशन, म्हणजे पलीकडे पोचणारा प्रकाश, ६९ वरून ६३ टक्क्यांवर आलं. काच बिघडली का?

ही घट सगळ्या तरंगलांबींवर सारखीच असेल, आलेखात कुठे खड्डा पडलेला नसेल, तर काच उत्तम जमली आहे. टाकून देऊ नका.

बिस्मथचा अणू मोठा, त्याचे इलेक्ट्रॉन सहज हलतात, म्हणून काचेचा अपवर्तनांक चढतो. हिशोब करून बघा. अपवर्तनांक २.५ असला तर आत काडीचंही शोषण न होता दोन्ही पृष्ठभागांवरच्या परावर्तनामुळे ६९ टक्केच प्रकाश पलीकडे पोचतो. तो २.८ झाला की ६३. तुमचे सहा टक्के काचेने गिळले नाहीत, पृष्ठभागावरूनच परत फिरले. थर्मल कॅमेऱ्याच्या लेन्सवर परावर्तन रोखणारा थर देतात तो याचसाठी.

दुसरा बदल नुसत्या डोळ्यांना दिसतो. बिस्मथ नसलेली पातळ चकती ट्यूबलाइटसमोर धरली की गडद लाल दिसते. बिस्मथवाली काळी ठार. ऊर्जापट्टीतली फट, म्हणजे काचेतला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा, २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असेल तर काच साधारण ०.६२ मायक्रॉन तरंगलांबीपासून पुढचा प्रकाश जाऊ देते, १.५ झाली की ०.८३ पासून. थर्मल कॅमेऱ्याच्या ८ ते १२ मायक्रॉनच्या कामाला याने काही अडत नाही. विजेच्या बाबतीत मात्र बिस्मथ कमाल करतो. या काचा स्वभावाने पी-प्रकारच्या (वीज धन ‘होल’ वाहून नेतात), पण १० टक्क्यांच्या आसपास बिस्मथ गेलं की त्या एन-प्रकारच्या (वीज इलेक्ट्रॉन वाहून नेतात) होतात. जपानी संशोधकांनी हे १९७९ साली दाखवलं. मला आजही ही गोष्ट विलक्षण वाटते. त्याहून बरंच जास्त घातलं तर बिस्मथ सेलेनाइडचे स्फटिक सुटतात आणि काच प्रकाश विखुरते.

आता खड्ड्याबद्दल. आमचा पहिला नमुना जुलैत, उपनगरातल्या एका प्रयोगशाळेत केला होता. तराजूच्या पेटीतली सिलिका जेल सकाळी निळी असायची, दुपारपर्यंत गुलाबी. क्वार्ट्झच्या नळीत माल भरून, निर्वात करून, टॉर्चने तोंड बंद करेपर्यंत मुंबईची दमट हवा आपलं काम करून गेलेली. आलेखात १२.८ मायक्रॉनला खोल खड्डा आला आणि दोन आठवडे मी बिस्मथला दोष देत बसलो. मग बिस्मथशिवाय तशीच काच केली, तर खड्डा तिथल्या तिथे! तो जर्मेनियम-ऑक्सिजन बंधाचा होता. पाण्याचा पट्टा ६.३ मायक्रॉनला येतो, सेलेनियम-हायड्रोजनचा ४.५ ला.

यावर उपायही धातूच आहे. किंचित मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम घातलं की ऑक्सिजन त्याला चिकटतो. मग निर्वातात ऊर्ध्वपातन केलं की ते ऑक्साइड मागे राहतं. म्हणून बिस्मथवर निष्कर्ष लिहिण्याआधी त्याच दिवशी, त्याच मालातून, बिस्मथ नसलेला एक नमुना जरूर करा. तुमचं यंत्र तरंगसंख्येत (एका सेंटिमीटरमध्ये किती लहरी) आलेख देत असेल तर १२.८ मायक्रॉन म्हणजे ७८०, त्याच्या आसपास बघा आणि तिथे काय दिसतं ते इथे कळवा.