‘कशावर तीस टक्के?’ हे विचारू का नको?

प्रश्न : मी ६१ वर्षांची, कोथरूडला राहते. आमची सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. बिल्डरची माणसं म्हणाली, ‘३० टक्के जादा जागा.’ कशावर ३० टक्के, ते मला कळेना. हे होते तोवर असलं सगळं तेच बघायचे. अध्यक्षांनी ‘कुणाला काही शंका?’ विचारलं, तेव्हा कुणीच बोललं नाही. मीही नाही. आता रविवारी पुन्हा सभा आहे. अर्धवट कळलेलं विचारून हसं करून घ्यायचं का?

उत्तर : ताई, विचारा. समजा तुमचा फ्लॅट कागदावर ६५० चौरस फूट बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट, आहे आणि आतून कार्पेट, म्हणजे प्रत्यक्ष वापरायची जागा, ५४० भरतो. ६५० वर ३० टक्के धरले तर ८४५ होतात, ५४० वर धरले तर ७०२. फरक १४३ चौरस फुटांचा, म्हणजे ११ बाय १३ची अख्खी खोली! नवा आकडा रेरा कार्पेटचा, म्हणजे रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे आहे का, तेही विचारा. २०१६च्या त्या कायद्यात कार्पेटमध्ये घरातल्या आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत.

आमच्या सोसायटीत टाकीच्या कामाच्या वेळी खर्चाचा आकडा मला खटकला होता. आपल्याला काय कळतंय, म्हणून गप्प बसले. सभा संपल्यावर चपला घालताना शेजारीण म्हणाली, “मलाही तो आकडा कळला नाही हो.” जिन्यात आणखी दोघी तेच म्हणाल्या. तोवर ठराव मंजूर झाला होता, ‘एकमताने’. तो शब्द मला अजून सलतो.

तुमचा समज चुकीचाही निघेल. “काकू, हे मागच्या वेळी सांगितलं होतं,” असं कुणी म्हणेल. मग सांगू दे परत. “मला नीट कळलं नसेल, पण तीस टक्के कशावर?” एवढंच म्हणा आणि उत्तर येईपर्यंत उभ्या राहा. तरी नाही कळलं तर तसं स्पष्ट सांगा. प्रश्न आणि उत्तर दोन्ही इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. विकासक निवडण्याच्या सभेचं चित्रीकरण व्हायला हवं, असं शासनाच्या ४ जुलै २०१९च्या निर्णयात आहे, तेही लक्षात असू द्या.

प्रश्न आजच मोठ्या अक्षरात कागदावर लिहून ठेवा. हात थरथरला तर कागद दोन्ही हातांनी धरा. आणि काय उत्तर मिळालं, ते मला नक्की कळवा.