एचआयव्ही असताना हृदयासाठी कोक्यू१०, कार्निटिन वगैरे सप्लिमेंट घ्यावीत का?

भाऊ ४६ वर्षांचा, एआरटी (एचआयव्ही दाबणारी औषधं) सेंटरची गोळी नियमित चालू, व्हायरल लोड म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण सापडत नाही इतकं कमी, आणि जिमच्या ट्रेनरने हृदय सांभाळायला कोएन्झाइम क्यू१०, एल-कार्निटिन, सेलेनियम, फिश ऑइल आणि झिंकवाली मल्टीविटॅमिन अशी यादी दिलीये, महिन्याला चारेक हजार जातील, तर घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, सांगली जिल्ह्यात माझं मेडिकल आहे. माझं मत विचाराल तर ते चार हजार ठेवा खिशात आणि डॉक्टरांशी स्टॅटिनबद्दल (कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी) बोला. आणि मल्टीविटॅमिन आणून ठेवलीच असेल तर तो ती किती वाजता घेतो ते आजच विचारा, खरी भानगड तिथे आहे.

तशी ही यादी अगदीच थापा नाहीये. सुरुवातीची औषधं, म्हणजे झिडोव्हुडिन आणि नंतर स्टॅव्हुडिन, व्हायरसला अडवायची पण सोबत आपल्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए बनवणारं पॉलिमरेज गॅमा नावाचं एन्झाइमही अडवायची. पेशीला लागणारी एनर्जी तिथेच तयार होते, त्यामुळे स्नायू दुखायचे, हातापायाला मुंग्या यायच्या, गालफडं बसायची, आणि हृदय म्हणजे क्षणभर न थांबणारा स्नायू, त्याचीही काळजी वाटायची. आपल्याकडे १ एप्रिल २००४ ला मोफत एआरटी सुरू झाली तेव्हा स्टॅव्हुडिन सर्रास चालायचं, त्या वेळचे काही पेशंट नुसत्या चेहऱ्यावरून ओळखू यायचे आणि लोकांच्या नजरा त्यांना गोळ्यांपेक्षा जास्त त्रास द्यायच्या. त्या काळात मायटोकॉन्ड्रियाला टेकू म्हणून कार्निटिन (हे चरबीला मायटोकॉन्ड्रियाच्या आत नेतं) आणि कोक्यू१० द्यायची कल्पना निघाली, ती चुकीची नव्हती. सेलेनियमचं असं की चीनमध्ये केशान भागात मातीत सेलेनियम कमी, तिथे त्याच्या कमतरतेने हृदयाचा स्नायूच ढिला पडायचा, म्हणून ते पण यादीत आलं.

पण भाऊ आज बहुतेक टीएलडीवर असेल, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राव्हिर. ही औषधं मायटोकॉन्ड्रियाला त्या जुन्या औषधांसारखा धक्का देत नाहीत. म्हणजे ज्या दुखण्यासाठी ही यादी बनली ते दुखणंच बरंचसं मागे पडलं आणि यादी मात्र तशीच फिरतेय.

मग हृदयाचा धोका गेला का, तर नाही. एचआयव्ही असलेल्यांना हार्ट अटॅक, स्ट्रोकचा धोका इतरांच्या साधारण दीड ते दोन पट धरतात, व्हायरल लोड दबलेला असला तरी. कारण व्हायरस दबला तरी प्रतिकारशक्ती आतून थोडी चिडलेलीच राहते, ती सूज रक्तवाहिन्यांना त्रास देत राहते आणि वर सिगारेट, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल हे नेहमीचे पाहुणे आहेतच. यातलं एकही काम कार्निटिनच्या डब्याने होत नाही.

ज्याने होतं त्याचा मोठा पुरावा २०२३ मध्ये आला, रिप्रीव्ह नावाची ट्रायल. १२ देश, त्यात भारत पण होता, ४० ते ७५ वयाचे ७,७६९ लोक, सगळे एआरटीवर आणि हृदयाचा धोका कमी ते मध्यम असलेले, म्हणजे बऱ्यापैकी तुमच्या भावासारखेच. अर्ध्यांना रोज पिटाव्हास्टॅटिन ४ मिलिग्रॅम, अर्ध्यांना नुसती दिसायला तशी गोळी. स्टॅटिनवाल्यांत हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे गंभीर घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या, फायदा इतका स्पष्ट की ट्रायल वेळेआधी थांबवली. फुकट काहीच नसतं, स्नायूदुखी आणि नवीन डायबेटिस स्टॅटिनच्या बाजूला थोडे जास्त निघाले, म्हणून शुगर तपासत राहायची. पिटाव्हास्टॅटिन आपल्याकडे मिळतं, पण मनाने सुरू करू नका, लिव्हर आणि लिपिड प्रोफाइल बघूनच.

आता ती मल्टीविटॅमिन. डोल्युटेग्राव्हिर पोटात कॅल्शियम, लोह, झिंक, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम यांना चिकटून बसतं आणि मग रक्तात कमी जातं. पूर्वीची एफाव्हिरेन्झवाली गोळी रात्री झोपताना घ्यायची असल्याने बऱ्याच जणांनी टीएलडी पण झोपतानाच ठेवलीये, आणि ताकदीची गोळी पण त्याच वेळी, वर ॲसिडिटीचं गुलाबी औषध दोन झाकणं! माझ्या काउंटरवर हे कायम दिसतं, आणि लोक सांगत नाहीत कारण ताकदीच्या गोळीला कोणी औषध धरतच नाही. नियम असा की मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमवालं ॲसिडिटीचं औषध असेल तर टीएलडी त्याच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी, किंवा ते असलेली मल्टीविटॅमिन असेल तर भरपेट जेवणासोबत दोन्ही एकत्र चालतात, उपाशीपोटी नाही, तेव्हा तोच २ आणि ६ चा हिशोब. म्हणजे हृदयासाठी म्हणून घेतलेल्या डब्याने एआरटीच कमजोर व्हायची, आणि एआरटी कमजोर पडली तर हृदयालाच महागात पडतं. २००६ च्या स्मार्ट ट्रायलमध्ये ज्यांची औषधं मध्येमध्ये थांबवली त्यांच्यात मृत्यू पण जास्त झाले आणि हृदयाचे त्रास पण.

बाकीच्या डब्यांचं पटकन सांगतो. कोक्यू१० ने फारसं नुकसान नाही, हार्ट फेल्युअरच्या पेशंटमध्ये रोज ३०० मिलिग्रॅम देऊन फायदा दिसलाय, पण भावाला हार्ट फेल्युअर नाहीये ना. कार्निटिन आतड्यातले जंतू खातात आणि त्यातून टीएमएओ नावाचा पदार्थ बनतो, जो रक्तवाहिन्यांत चरबी साचण्याशी जोडला गेलाय, म्हणजे हृदयासाठी घ्यायचं म्हणाल तर गंमतच आहे. सेलेनियम जास्त झालं की केस गळतात, नखं तुटतात. फिश ऑइल रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी खूप वाढली असेल तर डॉक्टर देतात, मोठ्या डोसात ठोके अनियमित व्हायचा धोका वाढतो. खात असेल तर बांगडा, तारली खाऊ दे, स्वस्त पण आहे. ट्रेनरने पुढे क्रिएटिन सुचवलं तर ते पण नको, त्याने आणि डोल्युटेग्राव्हिरने दोन्हीने किडनीच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन वर दिसतं, मग टेनोफोव्हिरने किडनी गेली की काय म्हणून सगळे घाबरतात. लसणाच्या कॅप्सूलने जुन्या एका एचआयव्ही औषधाचं रक्तातलं प्रमाण अर्ध्यावर आलं होतं, तेव्हा त्याही नकोत (फोडणीतला लसूण खुशाल खा).

एक गोष्ट मात्र जरूर बघा. भाऊ सेकंड लाइनवर (पहिली औषधं चालेनाशी झाल्यावर देतात ती) असेल आणि गोळीच्या नावात रिटोनाव्हिर असेल तर सिम्व्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिन अजिबात नाही, आणि कोलेस्टेरॉलसाठी नैसर्गिक म्हणून विकतात ते रेड यीस्ट राइस पण नाही, कारण त्यात लोव्हास्टॅटिनच असतं. पुढच्या वेळी सेंटरला जाताना चालू असलेल्या सगळ्या डब्यांचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन जायला सांगा, लिपिड प्रोफाइल आणि बीपी करून घ्या. सिगारेट किंवा तंबाखू आहे का ते तुम्ही लिहिलं नाहीये, असेल तर आधी तिथून सुरुवात करा.