वाळू, मीठ आणि कॅम्पर व्हॅन: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात बहुतेक पत्रं कच्छ-जैसलमेरच्या सहलींबद्दल आहेत, एक थेट अमेरिकेतल्या वाळवंटाबद्दल. निवडक प्रश्नांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे): आमची डिझेल व्हॅन मागच्या चाकांवर चालते. आत पलंग, छोटा ओटा आणि १०० लिटरची पाण्याची टाकी बसवली आहे. डिसेंबरात छोट्या रणात घुडखर (रानगाढवं) बघून धोलावीरा आणि मग जैसलमेर असा बेत आहे. वाळूत टायरची हवा कमी करतात म्हणे. किती करायची? आणि रणात गाडी घालता येईल का?

उत्तर: रणात व्हॅन घालू नका. छोटं रण म्हणजे वाळू नव्हे. पावसाळ्यात तिथे पाणी भरतं. ते आटलं की वर वाळलेल्या मातीची खपली धरते, पण खालचा खारा गाळ बरेच दिवस ओला राहतो. त्यावरून माणूस आरामात चालतो, हलकी जीपही ठरलेल्या चाकोरीतून निभावते. तीन-साडेतीन टनांची गाडी मात्र खपली फोडून थेट गाळात बसते. तिथे हवा कमी करूनही फारसा फरक पडत नाही, कारण चाकाला धरायला खाली घट्ट असं काही नसतंच. व्हॅन बजाणा किंवा दसाड्याला गावातच लावा. वन खात्याचा परवाना काढा आणि स्थानिक जीप व वाटाड्या घेऊन आत जा. अभयारण्यात परवानगीशिवाय रात्रीचा मुक्काम करता येत नाही, म्हणून झोपण्याची सोय गावातच धरून चाला.

खावड्याहून धोलावीराला जाणारा रस्ता डांबरी आहे आणि दोन्ही बाजूंना पांढरं मीठ पसरलेलं दिसतं. फोटोसाठी गाडी डांबराखाली उतरवायचा मोह होतो आणि तिथेच मागचं चाक रुततं. थांबायला रुंद, पक्की जागा मिळेपर्यंत पुढे चला. धोरडोच्या पांढऱ्या रणाचा परवाना वेगळा लागतो. तो भिरंडियाऱ्याच्या नाक्यावर मिळतो, ओळखपत्र जवळ ठेवा.

हवा कमी करण्याचा खरा उपयोग जैसलमेरकडच्या कोरड्या वाळूत होतो. हवा कमी केली की टायर लांबीला पसरतो, वजन जास्त जागेवर विभागलं जातं आणि चाक वाळूवर तरंगल्यासारखं चालतं. डांबरावर तुमच्या टायरला ५५ पीएसआय हवा लागत असेल, तर वाळूत आधी ३५ करा. तरीही गाडी जड जात असेल तर ३०. भरलेल्या व्हॅनला २५च्या खाली नेऊ नका, वळताना टायर रिमवरून निसटू शकतो. या हवेवर वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत हवा, आणि डांबरावर परत येताच हवा भरायलाच हवी. कमी हवेत वेगाने पळवलेला टायर बाजूने तापून फाटतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटवरचा छोटा कंप्रेसर एवढे मोठे टायर भरताना तापून बंद पडतो किंवा फ्यूज उडवतो. बॅटरीला चिमटे लावून चालणारा घ्या.

हवा सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी मोजा. सकाळी दहा अंश आणि दुपारी अठ्ठावीस, एवढ्या फरकाने ५५ पीएसआयच्या टायरमध्ये चार-साडेचार पीएसआय आपोआप वाढतात. दुपारी ते बघून हवा सोडू नका.

चाक जागच्या जागी फिरायला लागलं की पाय लगेच उचला. आणखी दोन सेकंद रेस दिली तर मागचा डिफरन्शियल (दोन चाकांच्या मधला गिअरचा गोळा) वाळूवर टेकतो, आणि मग चाकांवर वजनच उरत नाही. पोटाखालची आणि मागच्या चाकांच्या पुढची वाळू फावड्याने काढा, चाकापुढे ट्रॅक्शन बोर्ड (चाकाला पकड देणाऱ्या खाचदार पट्ट्या) किंवा घडी केलेली गोणपाटं खुपसा आणि हळू बाहेर या. दोरीने ओढून काढायची वेळ आली तर दोरी टो हुकलाच बांधा, बंपरला नको. मध्यावर जाड सतरंजी टाका म्हणजे दोरी तुटली तरी उसळत नाही. बघ्यांना लांब उभं करा.

आता वजन. आमच्या मते तुमच्या गाडीत सर्वांत आधी बघायची गोष्ट हीच आहे. टाकी भरली की १०० किलो वाढले, आणि टाकी मागच्या चाकांच्याही मागे असेल तर मागच्या ॲक्सलवर त्याहून जास्त भार येतो. पाणी, सामान, माणसं असं सगळं भरून गाडी तळोजा किंवा महापे एमआयडीसीतल्या वजनकाट्यावर घाला. आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून दुसरी पावती घ्या. मागच्या ॲक्सलची मर्यादा ओलांडली असेल तर सामान पुढे सरकवा, टाकी निम्मीच भरा. शिवाय आतले बदल आरसीवर चढवलेत का ते बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली हा मुद्दा येतो आणि अपघातानंतर विम्याचा दावा इथेच अडकतो.

जैसलमेरच्या डेझर्ट नॅशनल पार्कात सुदासरीकडे गेलात तर चाकोरी सोडू नका. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते आणि हा पक्षी आता फार थोडा उरला आहे.

प्रश्न (ऐरोली): घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची (अँपिअर-तास) ट्युब्युलर बॅटरी व्हॅनमध्ये टाकली तर ४५ लिटरचा फ्रिज, पंखा, दिवे आणि इंडक्शन चालेल का?

उत्तर: फ्रिज-पंखा चालेल, इंडक्शन विसरा. १,८०० वॉटची शेगडी १२ व्होल्टवर दीडशे अँपिअरच्या वर ओढते.

ट्युब्युलर बॅटरी गाडीसाठी आम्ही सुचवत नाही. ती पन्नास किलोंच्या पुढे भरते, चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि खडबडीत रस्त्यावर ॲसिड सांडतं. झोपायच्या जागेत ती नकोच. तिच्यातली निम्मी वीजच वापरायची, म्हणजे हाती ९०० वॉट-तास. १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बारा-तेरा किलोंची असते आणि हजारेक वॉट-तास देते.

हिशेब असा. फ्रिजचा कंप्रेसर चालू असताना ४५ वॉट घेतो. उन्हात तापलेल्या गाडीत तो निम्मा वेळ चालतो असं धरा: दिवसाला ५४० वॉट-तास. पंखा २५ वॉट, दहा तास: २५०. दिवे, मोबाइल आणि पाण्याचा पंप मिळून ११०. एकूण ९००. छतावर सपाट बसवलेलं २०० वॉटचं पॅनेल डिसेंबरच्या तिरप्या उन्हात ६००च्या आसपास देतं. उरलेले ३०० इंजिनवरून घ्यायचे, पण थेट वायर जोडून नाही. लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर (इंजिनवर वीज तयार करणारा भाग) तापतो. मध्ये करंटला आवर घालणारा २० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर बसवा, सव्वा तास गाडी चालली की तूट भरते. पॅनेलवर धूळ साचली की वीज घटते. पहाटेच्या दवात ओल्या फडक्याने पुसलं तर ओरखडे पडत नाहीत.

पॉझिटिव्ह वायरचा मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच हवा. १,००० वॉटच्या इन्व्हर्टरला २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आणि १२५ अँपिअरचा फ्यूज लागतो. वायर जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) घाला. कच्च्या रस्त्यावर पत्र्याची कड इन्सुलेशन कापते आणि आग तिथूनच लागते.

प्रश्न (खारघर): थंडीत रात्री गाडीतच गॅसवर थोडी ऊब घेतली तर चालेल का?

उत्तर: अजिबात नाही. बंद गाडीत जळणारी शेगडी कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला वास नसतो, आणि झोपेतला माणूस जागाच होत नाही. जाड रजई घ्या, स्वयंपाक दार उघडं ठेवून करा आणि झोपण्यापूर्वी सिलिंडरचा नॉब बंद करा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्यात तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं. गॅसचा अलार्म जमिनीलगत लावा, कार्बन मोनॉक्साइडचा उशीच्या उंचीवर. कच्चा रस्ता संपला की रोज रेग्युलेटर आणि नळीच्या जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा.

प्रश्न (नेरूळ): मुलगा फिनिक्सला असतो. मार्चमध्ये तिथे कॅम्पर व्हॅन भाड्याने घेऊन डेथ व्हॅलीचा रेसट्रॅक (सरकणाऱ्या दगडांचं कोरडं तळं) आणि युटातला व्हाइट रिम रोड करायचा आहे. काय तयारी करावी?

उत्तर: मार्च चांगला निवडलात. हे दोन रस्ते मात्र भाड्याच्या व्हॅनने करू नका. रेसट्रॅकचा रस्ता एका बाजूने ४३ किलोमीटर कच्चा आहे. त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा आणि टायर फाडणारे धारदार दगड आहेत. व्हाइट रिम १६० किलोमीटरचा. त्याला उंच फोर-बाय-फोर लागते, एका दिवसासाठीही परवाना लागतो आणि वाटेत पिण्याचं पाणी नाही. भाड्याच्या करारात बहुधा कच्चे रस्ते वर्ज्य असतात. तिथे गाडी बिघडली तर ओढून आणण्याचा पूर्ण खर्च तुमच्या माथी. डेथ व्हॅलीत बॅडवॉटर आणि झाब्रिस्की पॉइंट पक्क्या रस्त्याने होतात. आर्टिस्ट्स ड्राइव्हवर २५ फुटांहून लांब गाडी चालत नाही. व्हाइट रिमची हौस असेल तर मोॲब गावाहून जाणारी जीप सहल घ्या.

माणशी रोज चार लिटर पाणी धरा. अरुंद घळीत शिरण्यापूर्वी फक्त डोक्यावरचं आभाळ बघू नका. पन्नास किलोमीटरवर पडलेला पाऊस तिथे लोंढा होऊन येतो. युटातल्या जमिनीवर दिसणारी काळसर, खडबडीत खपली जिवंत असते आणि पायाने मोडली की भरून यायला कित्येक वर्षं जातात. म्हणून पायवाटेवरूनच चाला.

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओकडून निघण्यापूर्वी काढा. ते एक वर्ष चालतं आणि सोबत मूळ लायसन्स लागतंच. तिथे वापरलेला सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र) मात्र मुलाकडेच ठेवा. भारतात तो परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे.

प्रश्न (कळवा): रणातून आलेली गाडी कधी धुवावी?

उत्तर: घरी पोचण्याआधीच. रणाच्या कोरड्या हवेत चॅसिसवरचं मीठ नुसतं चिकटून असतं. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या पुढे गेली की ते पाणी ओढून विरघळतं आणि गंज सुरू होतो. खाडीकाठच्या गावात अशी हवा रोजची. त्यामुळे पहिली धुलाई भुज किंवा अहमदाबादला गोड्या पाण्याने, दुसरी घरी आल्यावर. चाकांच्या कमानी, ब्रेक आणि दारांखालची निचऱ्याची भोकं भरपूर पाणी सोडून धुवा. जोराचा फवारा बेअरिंग आणि वायरच्या जोडांवर मारू नका, खारं पाणी आत शिरतं. मग वीसेक किलोमीटर गाडी चालवून ब्रेक वाळवा आणि मगच कव्हर घाला.