समोरच्या लॉनवरच्या डीजेने खिडक्या थरथरतात, पण डेसिबल मीटर 64 च दाखवतो. मीटर खराब आहे का?

मीटर खराब नसावा. साताऱ्यात तुमच्या घरासमोर लग्नाचं लॉन आहे, डीजे लागला की मांडणीवरची भांडी वाजतात आणि गच्चीवर मीटर 64 दाखवतो, असं तुम्ही लिहिलंय. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

तुमचा मीटर ‘ए’ वर, म्हणजे माणसाच्या कानासारखं मोजणाऱ्या सेटिंगवर लावलेला असणार. कानाला खालचा सूर कमी ऐकू येतो, म्हणून ‘ए’ 63 हर्ट्झला 26 डेसिबल आणि 100 हर्ट्झला 19 डेसिबल वजा करून आकडा दाखवतो. डीजेचा दणका नेमका त्याच पट्ट्यात असतो. बटण ‘सी’ या दुसऱ्या सेटिंगवर न्या; तिथे 63 हर्ट्झला एक डेसिबलसुद्धा कापला जात नाही. सी आणि ए यांत 15 च्या वर फरक आला, तर भांडी वाजवणारा बेसच आहे हे समजा.

पण नियम ‘ए’ मध्येच आहेत: निवासी भागात सकाळी 6 ते रात्री 10 पर्यंत 55, रात्री 45. त्याहून 10 जास्त भरला की तक्रारीचा आधार मिळतो. म्हणजे दिवसा 65, आणि तुमचे 64 एकाने कमी! म्हणूनच मोजणी काटेकोर हवी. रात्री 10 नंतर उघड्या लॉनवर स्पीकरच बंद हवा (सरकारने सवलत दिलेले सणाचे दिवस सोडून). तेव्हा मोजत बसू नका, 112 ला फोन करा.

मर्यादा लेक्वची, म्हणजे ऊर्जेच्या सरासरीची असते. पडद्यावर क्षणाक्षणाला नाचणाऱ्या आकड्याची नव्हे. निम्मा वेळ 90 आणि निम्मा वेळ 60 असेल तर लेक्व 87 येतो, 75 नाही. स्वस्त मीटरमध्ये लेक्व नसतो. मग ‘स्लो’ वर (आकडा सावकाश बदलणाऱ्या सेटिंगवर) ठेवून दर 5 सेकंदांनी, 10 मिनिटं आकडे लिहा. प्रत्येकाला 10 ने भागून 10 चा तेवढा घात काढा, सगळ्यांची सरासरी घ्या, तिचा लॉग गुणिले 10.

मोजणीच्या आधी आणि नंतर मीटर 94 डेसिबलच्या कॅलिब्रेटरने (ठरावीक आवाज काढणाऱ्या उपकरणाने) तपासा. दोन वेळांत अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त फरक पडला तर ती मोजणी सोडून द्या. स्वस्त मीटरचा माइक बऱ्याचदा कॅलिब्रेटरच्या भोकात घट्ट बसत नाही, हवा गळते आणि आकडा कमी येतो. योग्य मापाची रिंग घाला.

मीटर ट्रायपॉडवर, 1.2 ते 1.5 मीटर उंच ठेवा. कठड्याच्या खाली गेला तर आवाज अडतो. मागची भिंत त्याच्यापासून 3.5 मीटर दूर हवी, नाहीतर परत येणाऱ्या आवाजाने 3 डेसिबलपर्यंत वाढ होते. स्पंजची टोपी काढू नका. गच्चीवरचा वारा ‘सी’ मध्ये आधी घुसतो, त्यामुळे झाडाच्या फांद्या हलू लागल्या की थांबा.

गाणं थांबल्यावर रस्त्याचा आवाजही मोजा. गाण्यासह 70 आणि नुसता रस्ता 65 असेल तर डीजेचे 68 च. फरक 3 पेक्षा कमी असेल तर आकडा वापरू नका, 10 च्या वर असेल तर काही वजा करायला नको.

अर्जात तारीख, वेळ, लॉनपासूनचं अंतर, ए आणि सी दोन्ही आकडे लिहा, आणि पोलिसांनी स्वतःच्या मीटरने तुमच्याच गच्चीवरून मोजावं अशी मागणी करा.