गणपतीत घरी असताना ट्रेलर कुठे लावायचा? गाव खेडजवळ आहे, वाडीत गाडी वळत नाही.

भाऊ, हायवेच्या कडेला तर अजिबात लावू नका, पावसात रात्री मागून कोणी ठोकलं तर जीव जाईल. तुमच्यासाठी लोटे एमआयडीसी सगळ्यात बरी, तिथे ट्रान्सपोर्टवाल्यांची यार्डं आहेत, ओळखीतून विचारा, रोजचं भाडं घेतील पण वॉचमन आणि सीसीटीव्ही आहे का ते स्वतः बघून घ्या. नाहीतर ज्या पंपावर नेहमी डिझेल भरता त्या मालकाला आधीच फोन करा, गणपतीत जागा पटकन भरते.

जमीन नीट बघा हां, हे फार महत्त्वाचं. कातळ किंवा काँक्रीट असेल तर ठीक, लाल मातीत ट्रेलर सोडून घोडा (पुढचा इंजिनवाला भाग) घरी नेलात तर ट्रेलरला टेकू देणारे पुढचे पाय पावसात रुततात आणि नंतर जोडताना हाल होतात, खाली जाड फळ्या टाकाच. नारळाखाली नको.

माल रिकामा करूनच या. बॅटरीची वायर काढा, डिझेल टाकीला लॉक लावा, स्टेपनीला साखळी, चारी बाजूंनी फोटो काढून गाडीच्या मालकाला पाठवा. आणि गणपतीत दरवर्षी मुंबई-गोवा हायवेवर अवजड गाड्यांना बंदी असते, त्या तारखा बघूनच निघा, नाहीतर मध्येच कुठेतरी अडकाल.