चलन हजाराचं, वकील पाच हजारांचा!

प्रश्न : मी धायरीत राहतो, पार्सल डिलिव्हरीचं काम करतो. गेल्या महिन्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला थांबलो होतो, मोबाइल हँडलवरच्या होल्डरमध्ये, मॅप चालू, पुढचा पत्ता एरंडवण्यातल्या बोळातला म्हणून जरा झूम करत होतो, तेवढ्यात ट्रॅफिकवाल्या मामांनी फोटो काढला आणि संध्याकाळी मेसेज, गाडी चालवताना मोबाइल वापरला, हजार रुपये. ओळखीच्या वकिलांना विचारलं तर पाच हजार म्हणाले. मित्र म्हणतो भरू नको, लोकअदालतीत कमी करून मिळतं. बायको म्हणते भरून टाक आणि कामाला लाग. काय करू? — एक वाचक, धायरी

उत्तर : वहिनींचं गणित एरवी बरोबर असतं हो. एफसी रोडला उलटा घुसलात, झेब्रावर उभे राहिलात, असल्या चलनाला मी स्वतः वकील असून सांगते की भरा आणि विसरा. पण तुमची केस जरा वेगळी आहे आणि ती हजार रुपयांमुळे नाही, लायसन्समुळे आहे. हातात मोबाइल धरून चालवणं हे कायद्यात धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलंय, म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम 184, आणि त्यात नुसता दंड नाही तर लायसन्स काही काळ सस्पेंड व्हायची पण सोय आहे. ऑफिसात बसणाऱ्या माणसाचं लायसन्स तीन महिने गेलं तर तो पीएमपीच्या बसनं जाईल, तुमचं गेलं तर चूल बंद. म्हणून आधी चलनावर कुठलं कलम टाकलंय ते नीट बघा, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

आता तुमच्या बाजूचं. ऑक्टोबर 2020 पासून केंद्राच्या मोटार वाहन नियमांतच लिहिलंय की रस्ता शोधण्यापुरता मोबाइल चालतो, फक्त चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होता कामा नये. म्हणजे होल्डर हा तुमचा खरा मुद्दा. "मी सिग्नलला थांबलो होतो" हे फार ताणू नका, गाडी चालू, रस्त्याच्या मधोमध, त्याला कोर्ट चालवणंच म्हणू शकतं. आणि झूम करत होतात हे विचारलं तर खरं सांगा पण स्वतःहून कथा रंगवत बसू नका.

पहिली पायरी फुकट आहे. महाट्रॅफिक ॲपवर किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलन साइटवर गाडी नंबर टाकून फोटो उघडा (मेसेजमधली लिंक दाबू नका, सध्या चलनाच्या नावाखाली एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप टाकणारी फाइल, पाठवून खातं रिकामं करणारे भरपूर झालेत). फोटोत मोबाइल होल्डरमध्ये दिसतोय? मग तिथेच तक्रार टाका, चार ओळींत, होल्डर आणि मॅप एवढंच लिहा, पोलीस खात्याला शिव्या नकोत, आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. फोटोत मोबाइल हातात दिसत असेल तर मात्र वकील करून पैसे घालवू नका, माझा सरळ सल्ला आहे.

तक्रार फेटाळली तरी लगेच पैसे भरू नका. तो दंड म्हणजे तडजोडीची रक्कम असते, भरली की विषय मिटला, नंतर "मी चुकलोच नव्हतो" म्हणायला जागा राहत नाही. प्रकरण व्हर्च्युअल म्हणजे ऑनलाइन कोर्टात गेलं की तिथे दोन पर्याय दिसतात, दंड भरा किंवा केस लढवा. लढवा निवडलं की ती साध्या कोर्टाकडे येते आणि तारीख पडते. लोकअदालतीचं मित्राला सांगा, तिथे जाणं म्हणजे लढणं नाही, तिथे तडजोडच होते आणि त्या निवाड्यावर अपील नाही. पैसे कमी करायचे असतील तर जा, निर्दोष ठरायचं असेल तर नको.

वकील नेमका कशाला लागतो तर तारखांना. स्वतःची बाजू स्वतः मांडता येते, कोणी अडवत नाही, मॅजिस्ट्रेट विचारतील गुन्हा कबूल आहे का, नाही म्हणायचं, मग फोटो काढणाऱ्या पोलिसाला कोर्टात येऊन साक्ष द्यावी लागते. पण तो त्या दिवशी बंदोबस्ताला असतो, पुढची तारीख, परत पुढची, आणि शिवाजीनगर कोर्टाच्या व्हरांड्यात तुमची दिवसाची कमाई जाते. समन्सवर वकिलामार्फत हजर राहायची मुभा असेल तर वकील उभा राहतो, तुम्ही पार्सलं टाकता. पाच हजार त्याचे आहेत. फी ठरवताना सगळ्या केसची की दर तारखेची हे विचारा, कोरा वकीलपत्र फॉर्म सही करून देऊ नका, पावती मागा. "जिंकलो तरच पैसे" म्हणणारा वकील असेल तर उठून या, आपल्याकडे तशी फी घ्यायला बंदी आहे. तसंच वकिलांना जाहिरात करता येत नाही, तेव्हा व्हॉट्सॲपवर "चलन निम्मं करून देतो"वाला जो कोणी आहे त्याच्या नादी लागू नका.

आणि पाच हजार द्यायचेच कशाला? तुमचं वर्षाचं उत्पन्न 3 लाखांच्या आत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. बायकांना तर उत्पन्नाची अटच नाही. उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. हे लोकांना माहीतच नसतं.

प्रश्न : माझ्या मुलाला (23) शनिवारी रात्री नाकाबंदीत मशिनमध्ये फुंकायला लावलं, जास्त आलं, गाडी जमा केली आणि कोर्टात यायला सांगितलं. एक एजंट म्हणतो बारा हजार द्या, कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही. — एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, एजंटला एक रुपया देऊ नका. दारू पिऊन चालवण्याची केस चौकात किंवा ॲपवर तडजोडीनं मिटतच नाही, ती मॅजिस्ट्रेटसमोरच जाते. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 दंड किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 दंड किंवा दोन्ही, म्हणून आत्ता गडबडीत "कबूल" म्हणून मोकळं होण्याआधी वकिलाशी बोला, कारण ती नोंद राहते. इथे वकील कराच. मशिनची स्लिप त्याला दाखवा, मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, आकडा जेमतेम वर आहे की दुप्पट यावर तो काय म्हणायचं ते ठरवेल. लायसन्सचं काय होणार हेही त्याच दिवशी विचारून घ्या. मुलाला काय बोलायचं ते तुमचं तुम्ही बघा.

प्रश्न : जुनी ॲक्टिव्हा साताऱ्याच्या एकाला विकली, नोटरी केली, पैसे घेतले. आता त्याची चलनं मला येतात. केस टाकू का? — एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : केस नंतर, आधी आरटीओ. नोटरीच्या कागदानं मालकी बदलत नाही, आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, नाव तुमचं म्हणजे कायद्याला मालक तुम्ही. चलन तर किरकोळ, त्या माणसानं कुणाला उडवलं तर भरपाईचा दावा तुमच्यावर येतो, सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये हे स्पष्ट केलंय. फॉर्म 29 आणि 30 भरून ट्रान्सफर करून घ्या. तो फोन उचलत नसेल तर विक्रीचा कागद जोडून संगम ब्रिजच्या आरटीओत लेखी कळवा आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.